कोषातले पाहुणे

मराठी शिकविणाऱ्या माणसाने फुलपाखरांवर लिहायला घेतले की वाचकांना वाटणार, आता दोनचार उपमा येणार, एखादी कविता येणार आणि शेवटी हरवलेले बालपण येणार. मलाही तीन वर्षांपूर्वी तसेच वाटले असते. तोपर्यंत फुलपाखरू म्हणजे माझ्या लेखी चंचलपणाचे एक तयार उदाहरण होते. व्याकरणाच्या तासाला आणि बेशिस्त विद्यार्थ्यांना उद्देशून ते सारखेच उपयोगी पडे. ते पान खाते, कात टाकते, विष्ठा टाकते आणि पुष्कळदा फुलपाखरू होण्यापूर्वीच मरते, हे मला आमच्या धाकटीने शिकविले. ती तेव्हा चौथीत होती.

भाद्रपद संपत आला होता. आमच्या ढाणकीला पावसाने उघडीप दिली की दोनतीन दिवसांत सगळी काळी माती भाकरीसारखी तडकू लागते आणि बांधांवरचे गवत कमरेला लागते. अंगणातल्या कढीलिंबाचे एक पान घेऊन धाकटी आत आली आणि म्हणाली, "बाबा, ही चिमणीची शी चालते आहे."

मी चष्मा पुसला. पानावर काळपट-तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा असलेली, ओलसर चकाकणारी अशी एक वस्तू होती, आणि ती खरोखरच चालत होती. आमच्या सौभाग्यवतींनी ते पान ताबडतोब बाहेर टाकण्याचा हुकूम सोडला. मी तो अमलात आणला असता. परंतु तेवढ्यात धाकटीने तिला गवताच्या काडीने डिवचले आणि त्या इवल्याशा जिवाने डोक्यामागून एक दुबेळके नारिंगी शिंग बाहेर काढले. खोलीभर लिंबाची साल कुस्करल्यासारखा उग्र वास सुटला. शिंग पुन्हा आत गेले. शी शिंग उगारते म्हटल्यावर ती बाहेर टाकण्याची कुणाची छाती?

ती लिंबाळीची अळी होती. लिंबाळी म्हणजे काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके आणि मागच्या पंखाच्या कोपऱ्यात एक विटकरी लाल डाग असलेले, आपल्याकडे सर्वत्र दिसणारे फुलपाखरू. लिंबू, संत्रे, बेल, कढीलिंब ही त्याच्या मुलाबाळांची खाद्यझाडे. मादी कोवळ्या पालवीवर मोहरीहूनही बारीक, फिकट पिवळे, गोल अंडे घालते, आणि एका ठिकाणी एकच. सगळी संपत्ती एका पेढीत ठेवायची नाही, हे तिला कुणी न शिकविता कळते. तीनचार दिवसांत अळी निघते, आधी स्वतःच्या अंड्याचे कवच खाते आणि मग पानाला लागते. पहिले काही दिवस तिचे रूप पक्ष्याच्या विष्ठेचे, म्हणजे पक्षी तिच्याकडे ढुंकून पाहणार नाही. चौथ्यांदा कात टाकली की ती एकाएकी पानासारखी हिरवीगार होते. मोठे झाल्यावर विष्ठेचे सोंग पुरत नाही, हे उघडच आहे.

जाता जाता एक मास्तरी तक्रार. आपण लेखक मंडळी सुरवंटाचे फुलपाखरू झाले असे बेधडक लिहितो. सुरवंट म्हणजे केसाळ, अंगाला लागला तर खाज सुटणारा. त्यातून बहुधा पतंग निघतो. लिंबाळीची अळी गुळगुळीत असते. तिला सुरवंट म्हणणे म्हणजे टकल्या गृहस्थाला जटाधारी म्हणण्यासारखे आहे. पण वाक्प्रचार रुळला आहे, आता तो कोण मागे घेणार?

लोणच्याची एक मोठी बरणी मोकळी झाली होती. तिच्या तळाशी वर्तमानपत्राचा कागद, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा, आणि आत शाईच्या दौतीत पाणी घालून उभी केलेली कढीलिंबाची डहाळी. दौतीचे तोंड कापसाने बंद करायचे, नाही तर अळ्या देठावरून उतरतात आणि बुडून मरतात. हे आम्हाला पहिल्या दोन अळ्या गमावल्यावर समजले. कागद रोज सकाळी बदलायचा. एवढीशी अळी दिवसाकाठी किती काळी दाणेदार विष्ठा टाकते हे पाहिल्यावर, शेतकरी तिला फुलपाखराचे बाळ न म्हणता कीड का म्हणतो ते कळते. बघता बघता बरणीत चौदा अळ्या झाल्या. शाळेतून येताना धाकटी पाने उलटीपालटी करीत येई, आणि वर्गातली निम्मी मुले तिच्या मागे.

मग अंगणातला कढीलिंब ओकाबोका झाला. सौभाग्यवतींनी फोडणीसाठी राखलेली शेवटची डहाळीसुद्धा गेली. त्या आठवड्यात बाजारच्या दिवशी मी मोठ्या दिमाखाने हिरवीगार, टवटवीत, एका पानालाही छिद्र नसलेली कढीलिंबाची जुडी विकत आणली आणि संध्याकाळी बरणीत घातली.

पहाटे चौदांपैकी अकरा अळ्या मेल्या होत्या. काही डहाळीवरच वाकड्या होऊन लटकत होत्या, काही कागदावर पडल्या होत्या, तोंडाशी हिरवा द्रव. ज्या तीन वाचल्या त्या कात टाकण्याच्या बेतात होत्या आणि म्हणून रात्री जेवल्या नव्हत्या.

एका पानालाही छिद्र का नव्हते, याचा विचार मी आदल्या संध्याकाळी करायला हवा होता. पानाला छिद्र नाही याचा अर्थ त्या पानावर कुणी जगू शकले नाही. धाकटी रडली नाही. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. सौभाग्यवतींनी उरलेली जुडी मुकाट्याने उकिरड्यावर टाकली आणि संध्याकाळी जेवताना एवढेच म्हणाल्या, "अहो, तीच आपण वरणात घालतो ना?"

आमच्या जिल्ह्यात या गोष्टीला फार जड अर्थ आहे. २०१७ च्या पावसाळ्याअखेर कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले; शेकडो लोक इस्पितळात पडले. त्या दिवसांत माझ्या वर्गातले दोन बाक रिकामे असत, कारण मुले बापाच्या उशाशी बसलेली होती. अकरा अळ्यांचे दुःख त्यापुढे काय? काहीच नाही. पण त्या बरणीपुढे बसलो असताना मला ते रिकामे बाक आठवले, हे मात्र खरे.

आमच्या शेजारी काकू राहतात. त्यांच्या परसात लिंबाची पाच झाडे, आणि ती पोराबाळांसारखी वाढविलेली. मी धीर करून विचारले, "काकू, लिंबांवर काही मारता का?" त्या म्हणाल्या, "मारीन नाही तर काय करीन सर? बारक्या रोपाचा तर शेंडा राहू देत नाहीत ह्या अळ्या." यावर मला व्याख्यान देता आले असते. परंतु काकूंचे म्हणणे खोटे नव्हते. कोवळ्या रोपाला पाचसहा अळ्या पुरे होतात. शेवटी तडजोड अशी झाली की काकूंनी फवारायचे नाही आणि अळी दिसली की आमच्या घरी पाठवायची. दुसऱ्याच दिवसापासून स्टीलच्या पेल्यावर बशी झाकून आमच्याकडे पार्सले येऊ लागली. "घ्या सर, तुमची लेकरं." मोबदल्यात पाने काकूंच्याच मोठ्या झाडांची. ही व्यवस्था अजून चालू आहे.

वाचलेल्या तिघींपैकी पहिलीने आठवडाभराने खाणे सोडले, पातळ विष्ठा टाकली आणि बरणीत येरझाऱ्या घालू लागली. मग एका काडीवर ती स्थिर झाली. शेपटीकडचे टोक तिने रेशमाच्या गादीत रोवले आणि डोके या बाजूचे त्या बाजूला नेत अंगाभोवती एक बारीक दोरी विणली. विजेच्या खांबावर चढलेला लाइनमन कमरेला पट्टा बांधून मागे रेलतो ना, अगदी तशी ती रेलली. दुसऱ्या दिवशी कात फाटली आणि आत अळी नव्हतीच, कोष होता. हिरव्या काडीवर तो हिरवा झाला. पुढे खरखरीत वाळक्या फांटीवर झालेला कोष तपकिरी निघाला.

आठनऊ दिवसांनी कोष काळवंडला आणि कवचाआडून पिवळे ठिपके दिसू लागले. दुसऱ्या सकाळी कवच तडकले, ओल्या चिंधीसारखे काहीतरी बाहेर आले आणि काडीला लोंबकळले. पंख आखूड, सुरकुतलेले. अंगातला रस त्यांत भरत गेला तसे ते उलगडत गेले. या वेळी ते खाली पडले तर पंख वाकडेच वाळतात आणि मग काही इलाज नाही. तासाभराने ते अंगणातल्या दोरीवर बसले, तिथून पेरूवर, आणि तिथून काकूंच्या लिंबाकडे. धाकटी त्या दिवशी माझ्याशी पुन्हा पूर्ववत बोलू लागली.

दुसऱ्या कोषाची गोष्ट निराळी. ती फांदी आम्ही हौसेने उघड्यावर, ओसरीत ठेवली होती. दोन आठवडे झाले तरी काही हालचाल नाही. मग एका दुपारी कोषाला टाचणीच्या टोकाएवढे भोक पडले आणि त्यातून झगझगीत हिरवट-काळ्या, मुंगीहून लहान अशा माश्या एकामागून एक निघू लागल्या. धाकटीने चाळीसपर्यंत मोजल्या. फुलपाखरू आत नव्हतेच. त्याचे या माश्यांनी जेवण केले होते. कोष नुकताच झालेला, मऊ असतो तेव्हा यांची आई येऊन त्यात अंडी घालून जाते.

मी हे पाहताना जरा घाबराच झालो, आणि त्याचे कारण माझ्या पेशात आहे. गेली अठरा वर्षे मी संतवाङ्मयाच्या तासाला फळ्यावर 'कीटभृंगन्याय' लिहून तो समजावून देत आलो आहे. भृंगी एका अळीला आणते, मातीच्या घरात कोंडते. अळी भीतीने अहोरात्र भृंगीचेच ध्यान करते आणि ध्यानाने स्वतःच भृंगी होऊन बाहेर पडते. तसा भक्त देवरूप होतो. दृष्टान्त सुंदर आहे. भिंतीला मातीचे घर करणारी कुंभारीण माशी आपण सर्वांनीच पाहिली आहे. ती अळीला दंश करून बधिर करते, अंडे घातलेल्या घरात ठेवते आणि दार लिंपून निघून जाते. आत तिचे पिल्लू त्या जिवंत अळीवर वाढते. बाहेर येते ती भृंगीच. अळी तिची झालेली नसते, तिच्या पोटात गेलेली असते. आमच्या कोषातल्या माश्या वेगळ्या जातीच्या, पण हिशेब तोच.

पुढल्या तासाला मी हे वर्गात सांगितले. क्षणभर शांतता. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग सर, परीक्षेत काय लिहाचं?" मी म्हणालो, परीक्षेत न्याय लिहा, आणि घरी गेल्यावर भिंतीवरचे मातीचे घर पाहा. संतांची चूक काढण्याची माझी योग्यता नाही. त्यांनी आत जाताना अळी आणि बाहेर येताना भृंगी पाहिली. एवढे बारकाईने पाहणारेसुद्धा त्या काळी किती असतील? मधले दार लिंपलेले होते.

हे लिंपलेले दार ज्यांनी उघडले त्यांत मारिया सिबिला मेरियन या बाईंचे नाव मोठे आहे. १६९९ साली वयाच्या बावन्नाव्या वर्षी या जर्मन चित्रकर्तीने धाकट्या मुलीला बरोबर घेऊन दक्षिण अमेरिकेतले सुरिनाम गाठले, तिथे अळ्या पाळल्या, आणि १७०५ मध्ये अंडे, अळी, कोष, फुलपाखरू व त्यांचे झाड एकाच पानावर दाखविणारा चित्रग्रंथ काढला. आपल्याकडे १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५७ मध्ये विंटर-ब्लाइथ यांचे भारतीय फुलपाखरांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. हे गृहस्थ पेशाने शिक्षक होते, याचा मला उगाचच अभिमान वाटतो. अलीकडे आयझॅक किहिमकर यांचे २००८ चे पुस्तक आमच्या घरात भगवद्गीतेशेजारी आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू जाहीर केले, आणि असे करणारे ते देशातले पहिले राज्य. मान मिळाला तो नीलवंताला. तो लिंबाळीचाच भाऊबंद, त्याच्याही अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. पण आमच्या अंगणाला त्याचे पाय अजून लागलेले नाहीत.

फोटोंचे वेड यातूनच लागले. माझ्याजवळ आहे तो मोबाइल आणि त्याला चिकटवायचे एक स्वस्त भिंग. एवढ्यावर काम भागते, कारण थंडी आपल्या बाजूने असते. फुलपाखराच्या अंगात स्वतःची ऊब नसते. ऊन खाऊन पंखांचे स्नायू तापल्याखेरीज त्याला उडता येत नाही. म्हणून कार्तिक-मार्गशीर्षात उजाडण्यापूर्वी निघावे. बिटरगावच्या रस्त्याला तुरीच्या शेतांचे बांध आहेत. तिथे गवताच्या तुऱ्यांवर, दवाने भिजलेली, पंख मिटून झोपलेली फुलपाखरे सापडतात. चार बोटांवर भिंग नेले तरी हलत नाहीत. मात्र पंखाला समांतर व्हावे लागते, नाही तर डोळा स्पष्ट येतो आणि शेपूट धूसर. समांतर होणे म्हणजे बहुतेक वेळा पालथे पडणे. एकदा मी असा बांधावर पालथा असताना दूध घेऊन जाणारा माझाच एक विद्यार्थी फटफटी थांबवून ओरडला, "सर! चक्कर आली का जी?" तेव्हापासून गावात माझ्या प्रकृतीची चौकशी वाढली आहे.

त्याच रस्त्याला रुईची झुडपे आहेत. त्यांवर काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची, उघड्यावर निर्धास्त हिंडणारी अळी दिसते. ती लपत नाही, कारण रुईच्या चिकाचे विष तिने अंगात साठविलेले असते आणि पुढे तिच्या नारिंगी फुलपाखरातही ते उतरते. इंग्रजीत याला प्लेन टायगर म्हणतात. एकदा खाल्लेला पक्षी ओकतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. गंमत अशी की डॅनेड एगफ्लाय म्हणून एक जात आहे, तिची अळी साध्या घोळीच्या भाजीवर वाढते, अंगात विषाचा थेंब नाही; पण तिच्या मादीने या विषारी फुलपाखराचा पोशाख हुबेहूब उचलला आहे. नर बिचारा काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, आपल्याच पोशाखात राहतो. ही मादी ओळखायला मला दोन हिवाळे लागले. तिचे मी फक्त फोटो घेतो, पाळीत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत तिचे नाव आलेले आहे.

आणखी एक जण आपणहून घरात येतो. तिन्हीसांजेला, दिवा लावल्याबरोबर, तपकिरी रंगाचे एक फुलपाखरू भिंतीवर येऊन बसते. पुष्कळजण त्याला पतंग समजून झाडूने हाकलतात. त्याला इव्हिनिंग ब्राउन म्हणतात. भाद्रपदातल्या फोटोत त्याच्या पंखाच्या खालच्या बाजूला ठळक डोळे आहेत. मार्गशीर्षातल्या फोटोत ते डोळे जवळजवळ पुसलेले, पंखाची टोके अणकुचीदार आणि रंग अस्सल वाळक्या पानाचा. जात तीच, अळीपणी मिळालेल्या उबेने आणि ओलाव्याने पोशाख ठरतो. हिरव्या गवतात डोळे दाखवून पक्ष्याला चकवायचे, आणि वाळल्या पाचोळ्यात पाचोळा व्हायचे.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती सांगतो. आमच्या आईला दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू. गेल्या वर्षी मार्गशीर्षात नांदेडला नेऊन एका डोळ्याचे ऑपरेशन केले. दुसऱ्याचे महिन्याभराने करायचे ठरले होते. पण घरी आल्यावर तिने साफ नकार दिला. "एक पुरे आहे. आता मला काय पाहायचं राहिलं आहे?" वडील गेल्यापासून तिच्या बोलण्याचा हा ठेका आहे, आणि त्यावर आमच्याजवळ उत्तर नसते.

त्याच सुमारास काकूंच्या पार्सलातली शेवटची अळी कोषात गेली होती. तिची फांदी आईच्या खाटेशेजारच्या कोनाड्यात ठेवली, कारण घरात उन्हाची जागा तेवढीच. आठ दिवस झाले, पंधरा झाले, महिना झाला. कोष तपकिरी, निश्चल. मला ती टाचणीएवढी भोके आठवू लागली. पौषाच्या कडाक्यात सकाळी पाण्याला हात लावता येत नव्हता. मी म्हणालो, हा गेला, टाकून देऊ. आई म्हणाली, "राहू दे रे. थंडी आहे, तोही पांघरूण घेऊन पडला असेल." थंडीत कोष असा लांबतो हे पुस्तकात होते, पण मी ते विसरलो होतो, आणि तिने वाचलेले नव्हते.

संक्रांतीनंतर चारपाच दिवसांनी तो काळवंडला. मी दोन सकाळी मोबाइल तिपाईवर लावून बसलो. तिसऱ्या दिवशी महाविद्यालयात परीक्षेचे पर्यवेक्षण होते, आणि ते बदलून द्यायला कुणी तयार होईना. दुपारी परत आलो तेव्हा कोनाड्यात रिकामे कवच होते.

आई खाटेवर उठून बसली होती. सौभाग्यवती म्हणाल्या, सकाळपासून जेवायलाही उठल्या नाहीत. तिने मला सगळे पहिल्यापासून सांगितले: कवच कसे तडकले, पंख कसे लोळागोळा होते, मग कसे ताणले गेले, ते तिच्या पांघरुणावर कसे उतरले आणि तिथे बराच वेळ कसे बसले. नंतर जरा थांबून म्हणाली, "मी हा डोळा झाकून पाहिलं, मग तो झाकून पाहिलं. या डोळ्यानं पिवळे ठिपके चांगले हळदीसारखे दिसतात रे. त्या डोळ्यानं सगळंच मातकट." आणि मग, मी पायांतले जोडे काढीत असताना, "नांदेडला आता केव्हा जायचं म्हणत होतास?"

फाल्गुनात ते झाले. कोष उमलतानाचा फोटो अजून माझ्याजवळ नाही. कवच कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात आहे, आणि आज सकाळीच काकूंचा पेला आला आहे. त्यात तीन अळ्या आहेत, दोन हिरव्या आणि एक अजून चिमणीच्या शीसारखी.